"फुगा आतच राहिला का?" स्टेंटनंतर रक्तवाहिनीला येणाऱ्या फुगवट्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हृदयरोगतज्ज्ञ नाही, फॅमिली डॉक्टर आहे. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात अँजिओग्राफी झाली की लोक फाईल घेऊन आमच्यासारख्यांकडे येतात. "तिथे सगळे घाईत होते हो, तुम्ही सांगा यात काय लिहिलंय." वरचा प्रश्न एका काकूंचा आहे. दोन वर्षांपूर्वी काकांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा त्यांना सांगितलं होतं, "फुगा घालून ब्लॉक उघडला आणि स्टेंट बसवला." यंदा पुन्हा अँजिओग्राफी झाली आणि कोणीतरी म्हणालं, "स्टेंटपाशी फुगा आलाय." काकूंनी दोन आणि दोन चार केले. त्यांचं चुकलं नव्हतं. आपणच दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो.

इथली माहिती वाचून तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना चार नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढाच हेतू आहे. औषधांत बदल त्यांना विचारूनच करा.

तर मग, फुगा खरंच आत राहिला का?

नाही. अँजिओप्लास्टीचा फुगा काम झाल्यावर हवा काढल्यासारखा रिकामा करून तारेवरून बाहेर ओढून घेतात. (त्यात हवा नसतेच, पातळ केलेलं डायचं, म्हणजे एक्स-रेत दिसणाऱ्या द्रवाचं, पाणी असतं.) आत राहतो तो स्टेंट, म्हणजे धातूच्या बारीक जाळीची नळी.

नंतर 'आलेला' फुगा म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीचा फुगवटा. डॉक्टरी भाषेत अॅन्युरिझम. शेजारच्या निरोगी भागाच्या रुंदीच्या दीडपट किंवा त्याहून जास्त रुंद झालेली जागा असेल तर तिला हे नाव देतात. वाहिनी ३ मिलिमीटरची असेल तर साडेचार मिलिमीटरला फुगवटा म्हणायचं. हे माप लक्षात ठेवा. 'अॅन्युरिझम' ऐकून लोकांच्या डोळ्यांसमोर लिंबाएवढं काहीतरी येतं, पण प्रत्यक्षात बहुतेक वेळा गोष्ट ज्वारीच्या दाण्याच्या आसपासची असते. मोठे फुगवटेही होतात, पण क्वचित.

या लेखात मी गोंधळ टाळण्यासाठी साधनाला 'बलून' आणि आजाराला 'फुगवटा' म्हणतो.

रिपोर्टमध्ये 'स्टेंट पेटंट' लिहिलंय. कंपनीचं पेटंट का?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, मला तो तीनदा तरी विचारला गेलाय. 'पेटंट' म्हणजे उघडा, रक्त नीट वाहतंय. चांगली बातमी आहे ती. 'एलएडी' म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूने खाली उतरणारी डावी वाहिनी, 'आरसीए' म्हणजे उजवी. 'फोकल' म्हणजे एकाच जागी. 'एक्टेशिया' म्हणजे वाहिनीचा लांबलचक पट्टा सरसकट रुंद झालेला असणं. तो स्टेंटशिवायही असू शकतो आणि अनेकदा स्टेंटच्या आधीपासूनच असतो. म्हणून पहिल्या अँजिओग्राफीशी तुलना केल्याशिवाय 'स्टेंटमुळे झालं' असं म्हणू नये.

स्टेंट नसतानाही असे फुगवटे येतात?

येतात. मोर्गान्यी या इटालियन वैद्याने १७६१ सालीच शवविच्छेदनात असा फुगवटा पाहून लिहून ठेवला होता, तेव्हा स्टेंट सोडा, स्टेथोस्कोपही नव्हता. मोठ्यांमध्ये मुख्य कारण तेच जुनं: वाहिनीच्या भिंतीत चरबी साठून ती कमकुवत होणं. लहान मुलांमध्ये कावासाकी आजार हे मोठं कारण आहे. टोमिसाकु कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी १९६७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. लहानपणी पाच-सात दिवसांचा ताप, लाल डोळे, लाल जीभ, बोटांची साल निघणं असं काही झालं होतं का, हे तिशी-चाळिशीतल्या रुग्णाला विचारावं लागतं ते त्यामुळे.

अमेरिकेतल्या एका मोठ्या नोंदणीत २०,०८७ जणांच्या अँजिओग्राफी तपासल्या, त्यांपैकी ९७८ जणांत, म्हणजे सुमारे ४.९ टक्के लोकांत वाहिनी फुगलेली आढळली. हे १९८३ साली छापून आलं. माणसाला पहिला स्टेंट बसला त्यानंतर, मार्च १९८६ मध्ये, फ्रान्समधल्या तुलूझ शहरात. म्हणजे तो सगळा आकडा स्टेंटपूर्व काळातला. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की ज्यांच्या वाहिन्यांत अडथळे होते त्यांच्यात फुगवटा असलेले आणि नसलेले यांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. रुग्णाला हे वाक्य सांगितलं की खुर्चीच्या टोकावर बसलेला माणूस जरा मागे टेकतो.

आणि स्टेंट टाकल्यावर किती जणांना होतो?

औषध लावलेल्या स्टेंटनंतर वेगवेगळ्या अभ्यासांत ०.२ ते २.३ टक्के. साध्या धातूच्या स्टेंटनंतरचं प्रमाणही साधारण त्याच घरातलं. दुर्मिळ आहे, पण महाराष्ट्रात आणि गोव्यात रोज इतक्या अँजिओप्लास्टी होतात की अँजिओप्लास्टी करणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो.

यात एक मेख आहे. फुगवटा कळतो कोणाचा? ज्याची पुन्हा अँजिओग्राफी झाली त्याचा. ज्याला काही त्रासच नाही, त्याची कोण कशाला करेल?

खरा फुगवटा आणि खोटा फुगवटा म्हणजे काय?

वाहिनीच्या भिंतीला तीन थर असतात. तिन्ही थर शाबूत राहून एकत्र ताणले गेले, तर तो खरा फुगवटा. आतले थर फाटले आणि रक्त फक्त बाहेरच्या पातळ थराने किंवा आजूबाजूच्या पेशींनी अडवून धरलं, तर तो खोटा.

गाडी चालवणाऱ्यांना हे लगेच समजतं. जुनी ट्यूब सगळीकडून थोडी सैल पडते, ती एक गोष्ट. टायर आतून कापला जाऊन एका जागी टेंगूळ येतं, ती दुसरी. दुसऱ्या टायरवर कोणी खंबाटकी घाट चढत नाही.

'खोटा' या शब्दावर जाऊ नका. मराठीत खोटं म्हणजे बिनमहत्त्वाचं, नाटकी. इथे उलट आहे. स्टेंटनंतर लवकर येणारे फुगवटे बऱ्याचदा या खोट्या जातीचे असतात आणि काळजी त्यांचीच जास्त करावी लागते.

पण स्टेंटमुळे भिंत फुगते तरी कशी? तो तर आधार द्यायला टाकतात ना?

आधार द्यायलाच टाकतात. पण तो बसवताना भिंतीला इजा होते. नेहमीच होते, थोडीफार. मोटरसायकलच्या टायरमध्ये साधारण २ अॅटमॉस्फिअर दाब असतो. स्टेंट भिंतीत दाबून बसवताना बलूनमध्ये १२ ते २०, कधी त्याहून जास्त दाब देतात. अडथळा दगडासारखा कॅल्शियमचा असेल तर तो आधी घासून किंवा कापून काढावा लागतो. या झटापटीत आतला थर चिरतो. बहुतेक वेळा ती चीर स्टेंटखाली दबून भरून येते. कधी ती खोल असते, मधल्या थरापर्यंत जाते, आणि भरून येण्याऐवजी रक्ताच्या रोजच्या दाबाने हळूहळू बाहेर ढकलली जाते. वाहिनीच्या मानाने मोठा बलून किंवा मोठा स्टेंट वापरला गेला तर ही शक्यता वाढते.

दुसरं कारण औषधाचं. साध्या स्टेंटवर शरीर नवी कातडी चढवतं, कधी इतकी जाड की वाहिनी पुन्हा बंद होते. ते टाळायला स्टेंटवर पेशींची वाढ रोखणारं औषध लावायला सुरुवात झाली. अमेरिकेत असा पहिला स्टेंट, सायफर, २००३ मध्ये मंजूर झाला, टॅक्सस २००४ मध्ये. पुन्हा बंद होण्याचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पण वाढ रोखणारं औषध जखम भरणंही रोखतं. आतली चीर उघडी राहायला जास्त वेळ मिळतो.

तिसरं कारण मला सर्वांत विलक्षण वाटतं. औषध स्टेंटला चिकटून राहावं म्हणून त्यावर प्लॅस्टिकसारखा पातळ लेप असतो. काही थोड्या लोकांच्या शरीराला तो लेप खुपतो. २००४ साली रेणू विरमाणी या विकृतिशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ५८ वर्षांच्या माणसाची नोंद प्रसिद्ध केली. सायफर बसवल्यानंतर १८ महिन्यांनी तो गेला. शवविच्छेदनात स्टेंटच्या जागी वाहिनी फुगलेली होती, भिंतीत अॅलर्जीत दिसणाऱ्या इओसिनोफिल पेशी खच्चून भरलेल्या होत्या, आणि भिंत स्टेंटपासून मागे सरकली होती. स्टेंट तसाच मधोमध, जशी पावसाने माती वाहून गेल्यावर कुंपणाची जाळी अधांतरी लटकते. त्या पोकळीत गुठळी झाली होती.

सायफरच्या तारा १४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीच्या होत्या. आजच्या स्टेंटच्या तारा ६० ते ८० मायक्रॉनच्या आसपास, आणि लेपही जास्त सौम्य किंवा काही महिन्यांत विरघळणारा. सायफरचं उत्पादन कंपनीने २०११ च्या अखेरीस थांबवलं. तेव्हा जुन्या लेखांतल्या भीतीदायक गोष्टी वाचताना त्या कोणत्या पिढीच्या स्टेंटबद्दल आहेत ते पाहा. फुगवटे आजही येतात. विरघळणाऱ्या स्टेंटनंतर आणि औषध लावलेल्या बलूननंतरही आल्याच्या नोंदी आहेत.

चौथं कारण जंतुसंसर्ग. फारच क्वचित, पण त्याच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय, कारण त्याला थांबायला वेळ नसतो.

म्हणजे डॉक्टरांची चूक झाली का?

हा प्रश्न लोक दार लोटून घेऊन, आवाज खाली करून विचारतात.

कधी बलून जरा मोठा निवडला गेला असू शकतो. पण लक्षात घ्या, स्टेंट लहान ठेवला तर तो भिंतीला नीट चिकटत नाही आणि गुठळी होते. मोठा केला तर भिंत चिरते. हार्ट अटॅकमध्ये वाहिनी आक्रसलेली असते, तिची खरी रुंदी त्या क्षणी दिसतच नाही. पहाटे तीन वाजता, समोर माणूस घामाघूम झालेला असताना हा अंदाज बांधायचा असतो. अॅलर्जीचं तर आधी सांगताच येत नाही. संमतिपत्रावर वाहिनी चिरणं, फाटणं हे धोके लिहिलेले असतात; आपण सही करताना वाचत नाही.

माझं मत विचाराल तर चूक शोधायची जागा वेगळी आहे. फुगवटा दिसल्यावर तो तुम्हाला सांगितला का? पुढे काय करायचं ते लिहून दिलं का? एका रुग्णाच्या रिपोर्टमध्ये दुसऱ्या पानावर 'अॅन्युरिझमल डायलेटेशन' असं लिहिलेलं होतं आणि त्याबद्दल घरच्यांना कोणी चकार शब्द बोललं नव्हतं. दीड वर्षाने ते माझ्या टेबलावर उघड झालं. याचा राग यायलाच हवा.

महागातला स्टेंट घेतला असता तर टळलं असतं?

नाही. भारतात औषधनिर्माण दर प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली: साधा ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६०० रुपये. पुढे आकडे थोडे बदलत गेले. त्याआधी एकेका औषधी स्टेंटला लाखाच्या वर मोजणारी घरं मी पाहिली आहेत. तेव्हाच्या लाखाच्या स्टेंटनेही फुगवटे आलेच. कोणता स्टेंट यापेक्षा वाहिनी कशी होती आणि स्टेंट कसा बसला, याचा वाटा मोठा.

स्टेंटनंतर किती दिवसांनी येतो?

तीन दिवसांनी आल्याच्या नोंदी आहेत आणि चार वर्षांनी आल्याच्याही. मला हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण कधी आला त्यावरून तो कोणत्या जातीचा आहे याचा अंदाज येतो. डॉक्टर ढोबळमानाने तीन गट करतात.

पहिल्या गटातला फुगवटा चार आठवड्यांच्या आत दिसतो, भराभर वाढतो आणि बहुधा खोट्या जातीचा असतो. भिंत बसवतानाच फाटली होती, असा त्याचा अर्थ. हा वाट पाहण्याचा विषय नाही.

दुसरा गट निवांत. महिन्यांनी, वर्षांनी, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या अँजिओग्राफीत हा सापडतो, किंवा छातीत पुन्हा दुखू लागलं म्हणून तपासताना. माझ्याकडे फाईल घेऊन येणारे बहुतेक याच गटातले. काकाही.

तिसरा गट तापाचा. स्टेंटनंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत थंडी वाजून ताप, छातीत दुखणं, रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू; बहुतेकदा स्टॅफिलोकोकस ऑरियस. इथे जंतू भिंतच खात असतात. गावाकडे अशा तापाला आधी मलेरिया, टायफॉइड, 'व्हायरल' अशी सगळी नावं देऊन होतात आणि तोवर आठवडा जातो. नुकताच स्टेंट बसलेल्या माणसाला दोन दिवसांपेक्षा जास्त ताप राहिला, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर घ्या आणि स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. माझ्या व्यवसायबंधूंनाही हेच सांगणं आहे. आधी गोळी दिली की कल्चर कोरं येतं.

लक्षणं काय असतात?

बहुतेकांना काहीच नाही. झालं तर छातीत दुखतं, चालताना दम लागतो, कधी थेट हार्ट अटॅकच येतो. फुगवटा हाताला लागत नाही, स्टेथोस्कोपने ऐकू येत नाही, ईसीजीत दिसत नाही.

छातीत दाबल्यासारखं दुखणं, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक चक्कर यांपैकी काही झालं तर फुगवटा आहे की नाही हा विचार करत बसू नका. १०८ ला फोन करा.

तो फुटणार का?

हीच खरी भीती असते. फुटू शकतो, फुटला तर हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठून हृदय दाबलं जातं आणि मिनिटांचा प्रश्न होतो. पण हे विरळ आहे, आणि मुख्यतः मोठ्या, झपाट्याने वाढणाऱ्या, खोट्या किंवा जंतुसंसर्ग झालेल्या फुगवट्यांच्या बाबतीत. नळी जितकी रुंद आणि भिंत जितकी पातळ, तितका त्याच रक्तदाबाने भिंतीवर पडणारा ताण जास्त. म्हणून वाढणारा फुगवटा वाढत जाण्याकडेच झुकतो. म्हणूनच बीपीच्या गोळीला इथे दुहेरी महत्त्व आहे.

रोजच्या व्यवहारातला मोठा धोका मात्र फुटण्याचा नाही, गुठळीचा आहे. नदीच्या पात्रात डोह असतो तिथे पाणी संथ होतं, भोवरे खातं आणि गाळ बसतो. फुगवट्यात रक्ताचं तेच होतं. त्यात भिंतीपासून सुटलेल्या स्टेंटच्या तारा अधांतरी असतील तर त्यांच्यावर गुठळी धरायला जागाच मिळते. ती गुठळी तिथेच वाहिनी बंद करते किंवा सुटून पुढच्या बारीक फांदीत अडकते.

नक्की किती मोठा आहे, हे कोणत्या तपासणीत कळतं?

अँजिओग्राफीत वाहिनीची सावली दिसते, भिंत दिसत नाही. फुगवट्यात गुठळी भरलेली असेल तर डाय आत शिरत नाही आणि मोठा फुगवटा लहान दिसतो. म्हणून वाहिनीच्या आतून पाहणाऱ्या दोन तपासण्या आहेत. आयव्हस म्हणजे आत सरकवलेली छोटी सोनोग्राफी. ती खोलवर पाहते आणि तिन्ही थर शाबूत आहेत का हे सांगते. ओसीटी प्रकाशाने पाहते. तार भिंतीला टेकली आहे का हे केसाच्या बारकाव्याने दाखवते, पण तिची नजर मिलिमीटर-दोन मिलिमीटरपलीकडे जात नाही, त्यामुळे मोठा फुगवटा तिच्या कवेत मावत नाही.

पुढे लक्ष ठेवायला सीटी अँजिओग्राफी बरी. हाताच्या शिरेतून डाय, दाखल व्हायची गरज नाही. ३ मिलिमीटरपेक्षा लहान स्टेंटच्या आतलं मात्र तिला धूसर दिसतं, कारण धातू चमकतो. डाय द्यायच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या, मधुमेह असेल तर नक्कीच. साध्या टूडी इकोत हा फुगवटा सहसा दिसत नाही, म्हणून 'इको नॉर्मल आहे' एवढ्यावर समाधान मानू नका.

उपचार काय? पुन्हा ऑपरेशन?

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो: या आजारात 'हा उपचार करा, तो नको' असं ठामपणे सांगणाऱ्या मोठ्या तुलनात्मक चाचण्या नाहीत. रुग्णच इतके थोडे आहेत. त्यामुळे दोन नामवंत डॉक्टरांनी तुम्हाला दोन सल्ले दिले, तर एक जण चुकतोय असं धरून चालू नका.

लहान, न वाढणारा, त्रास न देणारा फुगवटा असेल तर सहसा काही न करता लक्ष ठेवतात. गुठळी टाळणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपी ताब्यात, तंबाखू बंद (मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, आजी), आणि ठरावीक काळाने तपासणी. नंतरच्या तपासणीत फुगवटा आपोआप दिसेनासा झाल्याच्याही नोंदी आहेत. घरच्यांना हे पटत नाही. 'काहीच करत नाहीत' असं वाटतं. लक्ष ठेवणं हाही उपचार असतो, हे समजावण्यात माझी अर्धी ओपीडी जाते.

फुगवटा वाढतोय, खोटा आहे किंवा त्रास देतोय असं असेल आणि जागा सोयीची असेल, तर आवरण असलेला स्टेंट घालतात. जाळीवर पातळ पडदा चढवलेला असतो, त्यामुळे रक्त सरळ पुढे जातं आणि फुगवट्याचं तोंड बंद होतं. पंक्चरला आतून पॅच लावावा तसं. ग्राफ्टमास्टर आणि पीके पपायरस ही त्यातली माहितीतली नावं. दोन्ही मुळात अँजिओप्लास्टीत वाहिनी अचानक फुटली तर जीव वाचवायला बनवलेली. अडचण अशी, की पडदा फुगवट्याबरोबर तिथून निघणाऱ्या फांद्यांची तोंडंही बंद करतो. शिवाय असा स्टेंट जाडसर, वळणावळणाच्या वाहिनीत सरकत नाही, आणि नंतर त्यात गुठळी होण्याचं किंवा तो पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण नेहमीच्या स्टेंटपेक्षा जास्त. गोळ्या चुकवून चालतच नाही.

काही वेळा स्टेंटच्या जाळीतून फुगवट्यात धातूच्या बारीक गुंडाळ्या भरतात. मेंदूतल्या फुगवट्यासाठी वापरतात त्याच जातीच्या.

फुगवटा फार मोठा असेल, मुख्य डाव्या वाहिनीत किंवा मोठ्या फाट्यावर असेल, किंवा जंतुसंसर्ग झालेला असेल तर शस्त्रक्रिया. फुगवटा बांधून किंवा कापून काढतात आणि पुढच्या भागाला बायपासने रक्त देतात. जंतुसंसर्गात स्टेंटही बहुधा काढावा लागतो आणि शिरेतून अँटिबायोटिक काही आठवडे चालतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस?

स्टेंटनंतर अॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल. हार्ट अटॅकनंतर ही जोडी साधारण वर्षभर, एरवी सहा महिने, आणि मग एकटी गोळी आयुष्यभर. फुगवटा असेल तर जोडी जास्त दिवस ठेवण्याकडे बऱ्याच डॉक्टरांचा कल असतो. मोठ्या फुगवट्यात कधी वॉरफरिनसारखं औषध जोडतात, पण रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून हा निर्णय माणूस पाहूनच.

स्वतःच्या मनाने बंद करू नका. 'फुगवटा आहे, रक्त पातळ असेल तर फुटल्यावर थांबणार नाही' हा तर्क मी वरचेवर ऐकतो. ऐकायला बरोबर वाटतो. पण वर सांगितलं तसं, जास्त धोका गुठळीचा आहे.

दात काढायचाय. गोळ्या थांबवू? आधी अँटिबायोटिक घेऊ?

गोळ्या स्वतःहून थांबवू नका. दंतवैद्यांना हृदयरोगतज्ज्ञांशी बोलू द्या. बहुतेक दात अॅस्पिरिन चालू ठेवून काढता येतात. केवळ स्टेंट आहे म्हणून आधी अँटिबायोटिक लागत नाही. तो नियम कृत्रिम झडप वगैरे असलेल्यांसाठी आहे.

एमआरआय चालतो का?

बहुतेक स्टेंटना चालतो. स्टेंटचं कार्ड दाखवा.

चालायला जाऊ का? जिना? पंढरीची वारी?

लहान, स्थिर फुगवट्याला चालणं चांगलंच. श्वास रोखून जड वजन उचलणं टाळा, त्या क्षणी बीपी एकदम चढतं. भरलेला गॅस सिलिंडर मुलाला उचलू द्या. वारीचं डॉक्टरांना विचारून ठरवा. गेलात, तर गोळ्यांचा डबा दिंडीच्या ट्रकमध्ये नको, कमरेच्या पिशवीत ठेवा.

काढ्याने किंवा लसणाने विरेल का?

नाही. शिवाय काही काढे आणि चूर्णं रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी भांडतात. घेत असाल तर निदान सांगा, लपवू नका.

सरकारी योजनेत बसेल का?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास आहेत. आवरणवाला स्टेंट किंवा गुंडाळ्या तुमच्या बाबतीत मंजूर होतील का, ते योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आधी, नंतर नाही.

पुढच्या भेटीला काय घेऊन जाऊ?

पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही अँजिओग्राफीच्या सीडी. कागद पुरत नाहीत. दोन सीडी शेजारी लावल्याशिवाय फुगवटा नवा की जुना, वाढला की तेवढाच, हे कोणी सांगू शकत नाही. स्टेंटचं कार्ड किंवा डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेला स्टिकर. त्यावर स्टेंटचं नाव, रुंदी आणि लांबी असते. चालू गोळ्यांच्या पट्ट्या, नुसती नावं नव्हेत. आणि हे चार प्रश्न कागदावर लिहून: खरा की खोटा? किती मिलिमीटर? आधीच्या सीडीत होता का? पुन्हा कधी आणि कशाने बघायचं?

काकांची पहिली सीडी मिळेना. घरात बरीच शोधाशोध झाली. शेवटी ती सापडली टेरेसवर, दोऱ्याला बांधून टांगलेली. चकाकी पाहून कबुतरं येत नाहीत म्हणून काकूंनीच लावली होती. उन्हाने चरे पडले होते, चालली नाही. रुग्णालयात नोंद शिल्लक होती, तिथून नवी प्रत काढून घ्यावी लागली. ती आता त्यांच्या कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत असते.